अठराव्या शतकातलं ब्रिटिश स्त्रीचं तैलचित्र: चेहरा तिचा, बाकीचं कुणाचं?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत थॉमस गेन्सबरोने १७८५ मध्ये रंगवलेलं सारा सिडन्स या नटीचं चित्र आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा, डोक्यावर पिसं खोवलेली भलीमोठी काळी हॅट, पावडर लावलेले केस, गळ्याला काळी फीत, मांडीवर फरचा मफ (दोन्ही हात आत घालून ऊब घ्यायची नळी), मागे लाल पडदा. ड्रुरी लेन नाट्यगृहात शोकनाट्यातल्या भूमिकांनी लोकांना रडवणारी ही बाई इथे मात्र एखाद्या प्रतिष्ठित घरी भेटीला आल्यासारखी बसली आहे. तिचं वय तेव्हा एकोणतीस होतं.

अशा चित्रासमोर आपण पहिल्यांदा चेहरा पाहतो आणि बरेचदा तिथेच थांबतो. पण त्या काळचं व्यक्तिचित्र ही ठरलेल्या मापाची, ठरलेल्या दराची आणि अनेकदा चार हातांतून गेलेली वस्तू होती. ते कसं बनलं हे कळलं की कुठला भाग त्या स्त्रीला समोर बसवून रंगवला, कुठला तिच्या गैरहजेरीत झाला आणि कुठला रंग आज मूळचा उरलेलाच नाही, हे ओळखता येतं. चित्र पाहण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे चेहऱ्याकडेही अधिक नीट लक्ष जातं.

मापापासून सुरुवात करू. सिडन्सबाईंचं हे चित्र साधारण १२६ सेंटिमीटर उंच आणि ९९.५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ ५० बाय ४० इंच. हे माप चित्रकाराने लहरीनुसार घेतलेलं नाही. लंडनमधले रंगसामानाचे दुकानदार कॅनव्हास ताणून, अस्तर (रंगाखालचा पहिला लेप) देऊन ठराविक मापांत तयार विकत. ३० बाय २५ इंचाला ‘थ्री-क्वार्टर’ म्हणत. नाव फसवं आहे, कारण त्यात फक्त डोकं आणि खांदे मावत. ३६ बाय २८ म्हणजे ‘किट-कॅट’. गॉडफ्री नेलरने किट-कॅट क्लबच्या सभासदांची चित्रं या मापात केली, तेव्हापासून हे नाव पडलं. यात एखादा हातही दाखवता येई. ५० बाय ४० म्हणजे ‘हाफ-लेंग्थ’, ज्यात बसलेली व्यक्ती गुडघ्यापर्यंत दिसते. आणि ९४ बाय ५८ इंच म्हणजे ‘होल-लेंग्थ’, पायाच्या बोटांपर्यंत पूर्ण. जोशुआ रेनॉल्ड्सने याच सिडन्सबाईंना १७८४ मध्ये शोकदेवतेच्या रूपात सिंहासनावर बसवलं. ते चित्र आता कॅलिफोर्नियात सॅन मरिनोच्या हंटिंग्टन संग्रहात आहे आणि त्याचं माप होल-लेंग्थचंच आहे.

दर मापावर ठरे. १७६० च्या सुमाराला रेनॉल्ड्स डोक्याच्या चित्राला २५ गिनी, हाफ-लेंग्थला ५० आणि होल-लेंग्थला १०० गिनी घेई. १७८२ पर्यंत हेच आकडे दुप्पट झाले: ५०, १०० आणि २००. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त. निम्मे पैसे पहिल्या सिटिंगला, म्हणजे चित्रकारासमोर पहिल्यांदा बसताना, आणि उरलेले चित्र नेताना, अशी पद्धत होती. म्हणून एखाद्या बाईचं चित्र होल-लेंग्थ दिसलं की तो घराच्या ऐपतीचा आणि दिवाणखान्याच्या उंचीचा पुरावा समजावा. हात किती दिसतात हेही त्याच हिशेबात बसतं. हात रंगवायला अवघड आणि वेळखाऊ. मफ, पंखा, बाहीची लेस, मांडीवरचं कुत्रं यांच्यामागे बोटं लपली असतील तर तिथे फॅशन असेलच, पण चित्रकाराची वेळेची बचतही असू शकते.

आता सिटिंगबद्दल. रेनॉल्ड्सच्या भेटींच्या वह्या टिकून आहेत. १७५८ या एका वर्षात त्याच्याकडे सुमारे १५० जण चित्रासाठी येऊन बसले. एकेकाला साधारण तासाभराची वेळ, दिवसाला पाच-सहा जण. १७६० पासून तो लेस्टर फील्ड्समधल्या ४७ क्रमांकाच्या घरात राहत होता. तिथल्या त्याच्या खोलीचं वर्णन आपल्याला मिळतं. खोली अष्टकोनी, साधारण २० फूट लांब आणि १६ फूट रुंद. खिडकी एकच, चौकोनी, घरातल्या नेहमीच्या खिडकीच्या निम्म्याहून फार मोठी नाही, आणि तिची खालची कड जमिनीपासून ९ फूट ४ इंचांवर. बसणाऱ्याची खुर्ची जमिनीपासून १८ इंच उंच आणि चाकांवर फिरणारी. कुंचल्यांच्या दांड्या सुमारे १९ इंच लांब.

या प्रत्येक मोजमापाला कारण आहे. उजेड उंचावरून आणि एकाच बाजूने आला की भुवईखाली, नाकाखाली, हनुवटीखाली छोटी, ठाम सावली पडते आणि चेहऱ्याला गोलाई येते. दोन खिडक्या असत्या तर दुसरीच्या उजेडाने ही सावली धुऊन निघाली असती. रेनॉल्ड्स उभं राहून काम करी. बाई जमिनीवरच्या खुर्चीत बसली असती तर तिचं डोकं त्याला वरून दिसलं असतं, कपाळ मोठं आणि हनुवटी लहान झाली असती. खुर्ची उचलली की दोघांचे डोळे बऱ्यापैकी एका पातळीवर येतात. चाकं यासाठी, की मान आखडायला न लावता चेहरा उजेडाकडे हवा तेवढा वळवता यावा. लांब दांडीमुळे हात कॅनव्हासपासून दूर राहतो आणि चेहरा एकसंध दिसत राहतो.

गेन्सबरोची तऱ्हा वेगळी. चित्राची सुरुवात तो अंधुक उजेडात करी, खिडक्या झाकून. डोळ्याला तपशील दिसला नाही की फक्त मोठे आकार उरतात: हॅटचा काळा ढीग, चेहऱ्याचा उजळ अंडाकार, झग्याचा त्रिकोण. एवढं जागेवर बसलं की मग हळूहळू उजेड वाढवायचा. त्याच्या काही कुंचल्यांना तब्बल सहा फुटी काठ्या बांधलेल्या असत, असं त्याला काम करताना पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवलं आहे. उद्देश असा, की कॅनव्हास आणि समोरची व्यक्ती यांच्यापासून चित्रकार सारख्याच अंतरावर असावा. रंगही तो टर्पेंटाइन घालून खूप पातळ करी. त्याची उशिराची चित्रं जवळून पाहिली तर पिसं, केस, फर यांच्या जागी नुसते तिरपे ओरखडे दिसतात. चार पावलं मागे गेलं की तेच ओरखडे केस होतात. गेन्सबरोच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १७८८ मधल्या आपल्या व्याख्यानात रेनॉल्ड्सने नेमक्या याच गोष्टीची दखल घेतली, आणि ती प्रतिस्पर्ध्याबद्दल होती हे विशेष.

याच कारणाने गेन्सबरोला आपली चित्रं उंच टांगलेली खपत नसत. रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात मोठी चित्रं सुमारे आठ फुटांवरच्या एका पट्टीला धरून लावत. १७८४ मध्ये राजाच्या तीन मुलींच्या चित्राबद्दल त्याने कळवलं, की ते इतक्या हळुवार उजेडात रंगवलं आहे की साडेपाच फुटांच्या वर लावणं त्याला मान्य नाही. अकॅडमीने ऐकलं नाही. त्याने चित्रं परत नेली आणि पुन्हा तिथे कधीच काही मांडलं नाही. सिडन्सबाईंचं चित्र त्याच्या पुढच्याच वर्षीचं. आज ते डोळ्यांच्या पातळीच्या जवळ टांगलेलं असतं, म्हणजे त्याला हवं होतं तसंच.

कपडे कुणी रंगवले?

इथे खरी गंमत सुरू होते. शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तर चेहरा एकाचा आणि कपडे दुसऱ्याचे ही सरळ रीत होती. जोसेफ व्हॅन एकन नावाचा फ्लेमिश कलाकार १७४९ मध्ये मरेपर्यंत लंडनमधल्या अनेक चित्रकारांची वस्त्रं रंगवत होता. थॉमस हडसन आणि अ‍ॅलन रॅमसे हे त्यातले मोठे. चेहरा पुरा झाला की कॅनव्हास व्हॅन एकनकडे जाई. काही चित्रकार तर लहानशा कापडावर नुसतं डोकं रंगवून पाठवत आणि ते मोठ्या कॅनव्हासवर चिकटवून भोवती बाई उभी केली जाई. यामुळे एकाच सॅटिनच्या झग्यात, एकाच घडीसकट, वेगवेगळ्या घरच्या बायका वेगवेगळ्या चित्रकारांच्या चित्रांत भेटतात. सही नसलेलं १७४० च्या दशकातलं चित्र ‘हडसनचं की रॅमसेचं’ हे झग्यावरून ठरवायला जाल तर हमखास चुकाल. चेहऱ्यावरूनच ठरवावं लागतं. रॅमसेचा सुरुवातीचा एक विशेष मदतीला येतो: तो चेहऱ्याखाली आधी लाल रंगाचा थर देत असे, त्यामुळे सावल्यांतून ऊब झिरपते.

रेनॉल्ड्सकडे पीटर टॉम्स हा वस्त्रांचा माहीतगार होता आणि जुझेप्पे मार्की हा कायमचा मदतनीस. बाई तासाभरासाठी येई, चेहरा देई आणि जाई. तिचा झगा मागवून ‘ले-फिगर’ला चढवत. ले-फिगर म्हणजे सांधे वळणारा माणसाच्या आकाराचा पुतळा. तो दमत नाही, श्वास घेत नाही, घडी आठवडाभर तशीच राहते. म्हणून त्या काळच्या अनेक चित्रांत मान एका बाईची आणि धड मात्र बेताल ताठ दिसतं. मान आणि खांदा जिथे जुळतात तिथे बघा: जोड कच्चा असेल तर गळ्याची सावली एका दिशेची आणि कपड्याची दुसऱ्या दिशेची असते.

गेन्सबरो बहुतेक कपडे स्वतः रंगवी. १७७२ पासून त्याचा भाचा गेन्सबरो ड्युपाँ त्याच्याकडे उमेदवारीला होता, पण सिडन्सबाईंच्या चित्रात चेहऱ्यापासून झग्यापर्यंत एकच हात फिरल्यासारखा वाटतो, आणि त्या चित्राचं चैतन्य आमच्या मते तिथेच आहे. तिच्या नाकाने त्याला बराच त्रास दिला, अशी आख्यायिका आहे. झग्याचे निळे पट्टे मात्र न थांबता ओढलेले दिसतात.

ही श्रमविभागणी पुण्यापर्यंत पोचली होती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात आला. त्याने रंगवलेलं सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं १७९२ चं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. मॅलेट आणि पेशवे यांच्यातल्या १७९० च्या तहाच्या दरबाराचं मोठं चित्रही त्याला करायचं होतं, पण १७९५ मध्ये तो वारला. शेवटी त्याच्या अभ्यासचित्रांवरून थॉमस डॅनियलने ते लंडनमध्ये १८०५ मध्ये पुरं केलं. पुण्यात समोर बसवून टिपलेले चेहरे एका माणसाचे, आणि दरबार उभा करणारा हात दुसऱ्याचा. स्त्रियांच्या चित्रांबाबत जी पद्धत सांगितली, तीच इथे मराठा दरबाराला लागू झाली.

कपड्यांवरून काळ ओळखायचा तर केसांपासून सुरुवात करावी. १७५० आणि ६० च्या दशकात केस डोक्यालगत, कोपरापाशी लेसच्या झालरी. १७७० च्या दशकात केस उभे चढत जातात, आत लोकरीच्या गाद्या घालून. १७८० च्या दशकात ते उंचीऐवजी रुंदीला फुलतात, वर प्रचंड हॅट येते. सिडन्सबाई अगदी या टप्प्यावर आहेत. १७९० च्या दशकात कंबर छातीखाली चढते आणि पांढरी मलमल सगळीकडे दिसू लागते. त्यातली उत्तम मलमल बंगालमधून जात होती. १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर कर बसला आणि पावडर झपाट्याने मागे पडली. पण रेनॉल्ड्सच्या बाबतीत सावध राहावं. चालू फॅशन वीस वर्षांनी हास्यास्पद दिसते हे ओळखून तो बायकांना धड ग्रीक नाही, धड आजची नाही अशी सैलसर वस्त्रं देई. तिथे कपडे काळ सांगत नाहीत; केस सांगतात, कारण केस बदलायला बायका सहसा राजी नसत.

रंग कुठे गेले?

कॅनव्हास म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड. त्यावर आधी प्राण्याच्या कातड्याचा सरस, नाहीतर तेल थेट धाग्याला लागून कापड कुजतं. सरसावर शिशाचा सफेदा आणि खडूची पूड तेलात मळून दिलेलं अस्तर. मग रंग: सफेदा, हिंगूळ, पिवळी माती, नेपल्स यलो, हाडांच्या कोळशाचा काळा, अंबर माती, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा महाग अल्ट्रामरीन, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला स्वस्त प्रशियन ब्लू. लाल ‘लेक’ रंग कोचिनील किड्यापासून येई, फिटकरीच्या मदतीने पांढऱ्या पुडीवर बसवलेला. तो अतिशय देखणा आणि पारदर्शक असतो, पण उजेडात टिकत नाही.

रेनॉल्ड्सच्या बायका आज इतक्या फिकट का दिसतात, याचं उत्तर या किड्याच्या रंगात आहे. पहिल्या सिटिंगला तो बरेचदा फक्त पांढरा, काळा आणि लेक घेई आणि चेहऱ्याचा सगळा उजेड-अंधार त्यातच बसवी. पिवळा नंतरच्या बैठकीत, पातळ थराने. गालांची लाली, ओठ, नाकपुड्यांची ऊब, सगळं लेकवर अवलंबून. उजेडाने लेक गेला की खाली उरतो पांढरा आणि काळा, आणि पांढऱ्यात मिसळलेला काळा थंड निळसर दिसतो. म्हणून तो प्रेतासारखा निळसर गाल. हिंगूळ वापरला असता तर लाली टिकली असती, कारण तो पाऱ्याचं खनिज आहे. पण हिंगूळ अपारदर्शक, कातडीखालून रक्त झळकल्याचा भास त्यातून निघत नाही. रेनॉल्ड्सने सौंदर्यासाठी टिकाऊपणा पणाला लावला. त्याच्या हयातीतच लोक कुरकुर करू लागले, की त्याची चित्रं त्यातल्या माणसांच्या आधी मरतात.

फिकेपणा नेमका किती, हे तपासायची एक साधी जागा आहे. चौकटीची कड चित्राच्या काठावर अर्धा-पाऊण सेंटिमीटर टेकते. चौकट काढली की तेवढ्या पट्टीत उजेड कधीच न लागलेला रंग सापडतो. काठापर्यंत गुलाबी झगा पोचला असेल, तर आतला राखाडी आणि काठावरचा गुलाबी शेजारी शेजारी दिसतात.

भेगा दोन प्रकारच्या, आणि त्या वेगळ्या ओळखल्याच पाहिजेत. म्हातारपणाची भेग बारीक, धारदार, जाळीसारखी असते. हवेतली आर्द्रता वाढली-घटली की सरस फुगतो-आकसतो, कडक झालेला रंग ताण सोसत नाही आणि अस्तरापर्यंत चिरतो. दुसरी भेग वाळण्याची. ती रुंद असते, कडा गोलसर, आणि फटीतून खालचा रंग डोकावतो, जणू चिखल वाळून तडकला आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. वरचा थर आधी घट्ट झाला आणि खालचा अजून ओला, सरकता असेल, तर वरचा थर फाटतो. म्हणून नियम असा, की खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त. रेनॉल्ड्सने हा नियम वारंवार मोडला. तेल, मेण, राळ, अंडं, सगळं एकावर एक. गडद सावलीसाठी डांबर. डांबराने ताजेपणी सुंदर, पारदर्शक तपकिरी खोली येते, पण ते तेलाला नीट वाळूच देत नाही. वर्षानुवर्षं मऊ राहतं आणि वरचे थर घेऊन सरकतं. तिथे मगरीच्या पाठीसारखे खवले पडतात.

सगळ्यात नाजूक प्रकरण ‘मेगिल्प’चं. शिसं घालून उकळलेलं जवसाचं तेल आणि रुमी मस्तकीचं व्हार्निश एकत्र केलं की काही क्षणांत लोण्यासारखा थुलथुलीत पदार्थ होतो. रंगात मिसळला की कुंचला घसरत जातो, थर पारदर्शक राहतो. पण चित्रावरचं संरक्षक व्हार्निशही मस्तकीचंच, आणि ते काही दशकांत पिवळं-तपकिरी पडतं. ते काढायला जो द्राव लागतो, त्यातच मेगिल्पचा रंगही विरघळतो. एकोणिसाव्या शतकात अशा चित्रांच्या धडाधड सफाया झाल्या आणि गालांवरचे, ओठांवरचे शेवटचे पातळ हात व्हार्निशबरोबर पुसले गेले. आज काम असं चालतं: आधी अतिनील दिव्याखाली पाहायचं. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरची रंगदुरुस्ती काळ्या डागांसारखी उठते. मग काठाजवळ, काही मिलिमीटरच्या जागी, कापसाच्या बारीक बोळ्याने सौम्य द्रावापासून चाचणी. बोळ्यावर पिवळं आलं तर व्हार्निश; गुलाबी किंवा तपकिरी रंगाची छटा आली तर तिथेच थांबायचं. बऱ्याच वेळा व्हार्निश पूर्ण न काढता पातळ करून सोडतात, आणि रेनॉल्ड्सच्या बाबतीत तेच शहाणपणाचं आहे.

पातळ काम करणाऱ्या गेन्सबरोला निराळा धोका. कापड जीर्ण झालं की त्यामागे नवं कापड चिकटवायची पद्धत होती. पिठाची खळ आणि सरस लावून, गरम इस्त्री फिरवून. उष्णता आणि दाबाने रंगाचे उंचवटे चपटे होतात, कापडाची वीण रंगातून वर उमटते. तिरप्या उजेडात पृष्ठभाग कागदासारखा सपाट दिसला, पण धाग्यांची चौकट ठळक असेल, तर हा प्रकार झाला आहे असं समजावं. ते पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

हरवलेल्याचा अंदाज घ्यायला एक जुना साक्षीदार उपयोगी पडतो. गाजलेल्या चित्रांचे मेझोटिंट छाप लगेच निघत. तांब्याचा पत्रा आधी सर्वभर खरखरीत करायचा म्हणजे छाप मखमली काळा येतो, मग उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करायच्या. रेषा नाहीत, फक्त छटा, म्हणून तैलचित्राच्या नकलेला हे तंत्र उत्तम. चित्र नवं असताना काढलेल्या छापात आज काळोखात बुडालेलं झाड, पडद्याची घडी, पुढे कापला गेलेला काठ शाबूत सापडतो. मात्र छापात डावं-उजवं उलटलेलं असू शकतं, हे विसरू नये.

नावाबाबतही डोळे उघडे ठेवावेत. कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत ‘अमुक लेडी’ असं लिहिलेलं दिसलं की ते चित्रकाराचं समजू नये. बहुतेकदा दोन पिढ्यांनंतर, वारसांनी वाटणीच्या वा यादीच्या वेळी लिहवून घेतलेलं असतं, आणि आजी-पणजीची अदलाबदल त्यात सर्रास होते. अक्षरांचा रंग भेगांच्या आत उतरलेला असेल, तर भेगा आधी पडल्या आणि अक्षरं नंतर आली, इतकं साधं आहे. चित्राची पाठ जास्त बोलते: दुकानदाराचा शिक्का, कापडावरच्या कराचा शिक्का (हा कर १८३१ मध्ये उठला), लिलावाच्या चिठ्ठ्या. मागे नवं कापड चिकटवलं असेल तर हे सगळं झाकलं जातं. म्हणून चांगला जीर्णोद्धारक ते चिकटवण्याआधी मागचं अक्षर न् अक्षर उतरवून घेतो.

चित्रकाराची सही तर क्वचितच. रेनॉल्ड्स सही करत नसे म्हटलं तरी चालेल. शोकदेवतेच्या रूपातल्या सिडन्सबाईंच्या चित्रात मात्र ती आहे, झग्याच्या काठावर, भरतकामाच्या नक्षीसारखी मिसळलेली, १७८४ या सालासकट. तुमच्या वस्त्राच्या काठाला धरून माझं नाव पुढच्या काळात जावं, अशा अर्थाचं तो तेव्हा म्हणाला, असं सिडन्सबाईंनी नंतर सांगितलं. एरवी ज्या कपड्याचं काम तो टॉम्ससारख्यांच्या हाती सोपवी, त्याच कपड्यावर ही सही आहे. चित्र आठ फूट उंच, सही अगदी खाली. ती वाचायची तर पुढे होऊन वाकावं लागतं.